कर्ता शोधायला लावणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
शि. सा. न.

हे पत्र घरी आणून दिलं असतं तर तुम्ही चष्म्याच्या आधी लाल पेन शोधलं असतं, म्हणून जाहीरच लिहितेय. एम.ए.चा निकाल तुम्हाला फोनवर कळवलाच आहे. पण हे आभार मार्कांचे नाहीत. जॉर्ज ऑर्वेलचं 'ॲनिमल फार्म' (शेतमालकाला हाकलून प्राणी कारभार हाती घेतात आणि हळूहळू डुकरंच हुकूमशहा होतात, ती गोष्ट) तुम्ही ज्या रीतीने वाचून घेतलंत, त्याचे आहेत.

गाइडमध्ये या पुस्तकाचा एक तक्ता असतो. नेपोलियन डुक्कर म्हणजे सोव्हिएत हुकूमशहा स्टॅलिन, स्नोबॉल डुक्कर म्हणजे त्याचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की, बॉक्सर घोडा म्हणजे राबणारा कामगार, वगैरे. तक्ता बरोबरच आहे. तुम्ही पहिल्याच रविवारी तो मिटवून ठेवायला लावलात आणि म्हणालात, "कोण कोणाचं सोंग घेऊन आलाय हे कळायला एक संध्याकाळ पुरते. आता वाक्यं वाच. प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण ते सांग."

सुरुवात दुधापासून केलीत. दुसऱ्या प्रकरणाचा शेवट. शेतमालक जोन्सला हाकलून दिलंय, डुकरांनी गाईंच्या धारा काढल्यात, फेसाळ दुधाच्या पाच बादल्या भरून ठेवल्यात. सगळे प्राणी गवत कापायला जातात आणि संध्याकाळी परत आल्यावर दूध नाहीसं झाल्याचं लक्षात येतं. कोणाच्या लक्षात येतं? दूध नेलं कोणी? वाक्यात त्याचा पत्ताच नाही. तुम्ही मला ते एक वाक्य चार वेळा मोठ्याने वाचायला लावलंत आणि मग विचारलंत, "ऑफिसात असं काही लिहितेस का गं?"

लिहिते की. दिवसभर दुसरं काय टाइप करते मी? 'आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे.' 'नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात येईल.' दखल कोणी घेतली, कार्यवाही कोण करणार, यातलं काही त्या पत्रात नसतं. ते पत्र घेऊन म्हातारी माणसं टेबलासमोर उभी राहतात आणि विचारतात, "म्हणजे नक्की कोणाला भेटायचं, ताई?" बाई, तुमचाच प्रश्न की तो!

त्यानंतर स्क्वीलर, नेपोलियनची बाजू मांडत फिरणारा डुक्कर, मला वेगळाच दिसू लागला. एरवी आपण त्याला खोटारडा म्हणून पुढे जातो. पण त्याचं खोटं बोलण्याचं तंत्र किती बारकाईने लिहिलंय! शिधा कमी होतो तेव्हा तो 'कपात' हा शब्द चुकूनही उच्चारत नाही, नेहमी 'फेररचना' म्हणतो. लेखक हे कंसात, जाता जाता सांगतो. रागावत नाही, टोमणाही मारत नाही. दूध-सफरचंदं फक्त डुकरांनाच का, याचा खुलासा करताना स्क्वीलर आधी सांगतो की आम्हाला तर ती आवडतसुद्धा नाहीत, मग शास्त्राचा हवाला देतो, आणि शेवटी एकच प्रश्न: जोन्स परत यायला हवाय का तुम्हाला? विधानाशी वाद घालता येतो, पण या प्रश्नाला एकच उत्तर आहे आणि ते दिलं की दूध गेलंच.

भिंतीवर रंगवलेल्या सात आज्ञांचा, म्हणजे प्राण्यांच्या नियमांचा, भाग मी सगळ्यात जास्त वेळा वाचलाय. कोणताही प्राणी पलंगावर झोपणार नाही, या आज्ञेला पुढे 'चादर घालून' असं शेपूट जोडलं जातं. दारूबंदीला 'प्रमाणाबाहेर', हत्याबंदीला 'कारणाशिवाय'. इंग्रजीत हे शब्द वाक्याच्या टोकाला येतात, म्हणून जुनी ओळ जशीच्या तशी राहते, पांढऱ्या रंगाने पुढे दोन शब्द वाढवले की काम झालं. खोडाखोड नाही. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे अख्खी ओळ पुसून नव्याने रंगवावी लागली असती आणि रात्री गुपचूप रंगवणारा स्क्वीलर शिडीवरून पडायच्या आधीच पकडला गेला असता! हे मी म्हटल्यावर तुम्ही हसून बशीतली शेवटची चकली माझ्याकडे सरकवली होतीत. शाबासकीच समजले मी ती.

सातव्या प्रकरणातल्या हत्याकांडाचा दिवस मात्र जड गेला. चार डुकरं कबुलीजबाब देतात आणि त्यांचं बोलणं संपताच नेपोलियनचे कुत्रे 'तत्परतेने' त्यांचे गळे फाडतात. त्या कृत्याला 'भीषण', 'निर्घृण' असं एकही विशेषण लावलेलं नाही. आहे ते एक क्रियाविशेषण, तेही वक्तशीर कामाचं कौतुक करताना वापरावं असं. आपल्याकडे सत्कारात म्हणतात ना, अमुक साहेबांनी तत्परतेने फाइल निकाली काढली! कबुली, मृत्यू, पुन्हा कबुली, पुन्हा मृत्यू, अशी ती वाक्यं हजेरीपटासारखी पुढे सरकतात. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आणि लगेच पुढे क्लोव्हर घोडी टेकडीवरून शेताकडे बघते तो परिच्छेद. इथे वाक्यं एकदम लांब होतात, संथ होतात. तिला बोलता आलं असतं तर ती काय म्हणाली असती, ते लेखक सांगतो, कारण तिच्याजवळ शब्दच नाहीत. शब्द सापडत नाहीत म्हणून ती बंडाच्या वेळचं ते जुनं गाणं म्हणायला लागते, बाकीचेही सूर धरतात, आणि तेवढ्यात स्क्वीलर येऊन जाहीर करतो की खास हुकमाने ते गाणं रद्द झालंय. तुमच्या मते लेखकाने इथे घोडीच्या तोंडून स्वतःचं म्हणणं वदवलंय आणि एरवीचा संयम सोडलाय. मला ते अजूनही पटत नाही. इतकी पानं कोरड्या वाक्यांवर काढल्यानंतर तेवढी ओल वाचकाचीही गरज असते, आणि कोणाकडे शब्द आहेत नि कोणाकडे नाहीत, हेच तर सगळं पुस्तक आहे.

एका शब्दाची गोष्ट मात्र तुमच्यामुळेच कळली. पवनचक्की उडवली जाते तेव्हा नेपोलियनसकट सगळे प्राणी जमिनीवर आडवे होतात, असं आधी लिहिलेलं होतं. मार्च 1945 मध्ये, पुस्तक छपाईच्या वाटेवर असताना, ऑर्वेलने पॅरिसहून प्रकाशकाला कळवलं की 'नेपोलियनसकट'च्या जागी 'नेपोलियन सोडून' करा. जर्मन चालून आले तेव्हा स्टॅलिन मॉस्कोतच थांबला होता, त्याच्यावर अन्याय नको! ज्याचं वस्त्रहरण करायला पुस्तक लिहिलं, त्याच्या बाबतीतही एवढा काटेकोरपणा. हे ऐकल्यापासून मी सहीला ठेवायच्या पत्रातलं एकेक अव्यय तपासते. साहेब वैतागतात. एका पत्रात 'कार्यवाही करण्यात येईल' खोडून 'सहायक अभियंता पाहणी करतील' असं लिहिलं, तर त्यांनी ते पुन्हा पूर्ववत केलं. मी आता पुढच्या पत्रात परत लिहिणार आहे.

बाई, दर रविवारी सकाळचे दोन-अडीच तास तुम्ही मला दिलेत, गुडघे दुखत असतानाही. फीचा विषय काढला की कुकरची शिट्टी ऐकू आल्यासारखं करून आत जायचात. तुमचे मनापासून आभार.

येत्या रविवारी येतेच आहे. ऑर्वेलचा 1946 चा, राजकारण आणि इंग्रजी भाषेवरचा निबंध बरोबर आणते. जिथे कर्तरी प्रयोग चालेल तिथे कर्मणी कधीही वापरू नका, असा नियम त्यात हा गृहस्थ घालून देतो. मग त्याच्या दुधाच्या वाक्याचं काय, ते तुमच्याशी भांडून ठरवायचंय.

तुमची विद्यार्थिनी