पालकाला लोहचुंबक कशाला?

उप्साला, स्वीडन
डिसेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर साताऱ्याच्या काकांनी विचारलं, "पालकातलं लोखंड लोहचुंबकाला चिकटवून बघता का गं?" आणि दांडिया बाजारातलं आपलं अख्खं घर हसलं. मी इथे प्रयोगशाळेत पालक आणि चुंबक घेऊन नेमकं काय करते, ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. वाचून झालं की काकांनाही पाठवा.

पालक बाजारातलाच. खंडेराव मार्केटच्या जुडीची सर नाही, पण चालतो. थंड खोलीत, मंद हिरव्या दिव्याखाली पानं मिक्सरमधून काढायची, गाळायची आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्यातली हिरवी पटलं वेगळी करायची. या पटलांतच झाड पाणी फोडून ऑक्सिजन सोडतं. ते काम मँगेनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक, एवढ्या इवल्याशा पुंजक्याचं.

चिकटवायचं काहीच नसतं, काका. धातूच्या अणूत जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असेल, तर चुंबकीय क्षेत्रात तो ठरावीक मायक्रोवेव्ह शोषतो आणि पडद्यावर रेघा उमटतात. झावोइस्की या रशियन शास्त्रज्ञांना हे १९४४ साली कझानमध्ये सापडलं. आमचा नमुना त्यासाठी द्रव हेलियमने उणे २६० अंशांच्याही खाली नेतात.

पुंजक्यातून सुटलेलं मँगेनीज सहा रेघा देतं. सकाळी सकाळी त्या दिसल्या की समजायचं, नमुना गेला, पुन्हा पालक आणा. पुंजका शाबूत असेल तर अंधारात तो गप्प असतो. प्रकाशाचा एकच झोत देऊन लगेच गोठवला, की वीसेक रेघांची झालर उमटते. एकट्या मँगेनीजच्या इतक्या रेघा होऊच शकत नाहीत, म्हणजे तो इलेक्ट्रॉन अनेक अणूंच्या सामाईक मालकीचा! जपानी शास्त्रज्ञांनी स्फटिकावरून या पुंजक्यातला अणू न् अणू दाखवला तो २०११ मध्ये. हे सामाईक खातं मात्र त्याच्या तीसेक वर्षं आधीच नुसत्या रेघांवरून ओळखलं गेलं होतं. मला या विषयाची गोडी लागली ती इथे. बाबा, तुम्हाला नक्की पटेल.

पानात लोह असतंच, तांबंही असतं. त्यांच्या रेघा मध्येमध्ये लुडबुडतात, पण ते रडगाणं पुढच्या पत्रात.

इथे पावणेतीनलाच सूर्य मावळतो. यंत्रावर माझी पाळी या आठवड्यात रात्रीची आहे, म्हणून फोन रविवारी करीन. आई, मेतकूट संपलंय. आजीला शि. सा. न.

तुमची,
मनू