वस्तू मांडायला शिकावं लागतं का?

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वस्तू काचेत मांडायला विद्यापीठात कशाला जावं लागतं?" मी उगाच फणकारले. खरं सांगायचं तर संग्रहालयशास्त्राच्या पहिल्या सत्रात मलाही तसंच वाटत होतं.

आम्ही आठ जण मिळून विद्यापीठाच्या संग्रहालयात एक दालन उभं करतोय. विषय, वस्तूंची निवड, पाट्यांचा मजकूर, भिंतीला भोकं पाडणं, सगळं आमच्याच गळ्यात. साठ वस्तूंतून बावीस निवडायला तीन आठवडे गेले. माझं लाडकं पितळी कुलूप गळलं, कारण ते विषयात बसत नव्हतं. राग अजून आहे.

आई, हाताळणीच्या पहिल्याच तासाला तू आठवलीस. कप त्याच्या कानाला धरून उचलला की तू ओरडायचीस, "खालून हात दे!" इथेही तेच शिकवतात. कान, दांडा, काठ हे वस्तूचे सगळ्यात कमकुवत भाग, म्हणून उचलायचं ते तळाला आधार देऊन, दोन्ही हातांनी. त्याआधी तिची अवस्था लिहून काढायची, प्रत्येक ओरखडा, प्रत्येक चीर. तीही पेन्सिलीनेच. वस्तूंच्या जवळ शाईचं पेन न्यायचंच नाही.

आता माझा पराक्रम. चांदीच्या डब्यांखाली अंथरायला मी गडद निळं फेल्टचं कापड आणलं. डबे त्यावर असे उठून दिसत होते! मॅडमनी ते चिमटीत धरलं आणि एवढंच विचारलं, "लोकर?" लोकरच होती. लोकरीत गंधक असतं, बंद काचेत त्याची वाफ कोंडते आणि चांदी काळी पडते. काही लाकडांतून आम्ल सुटतं, ते शिशाला खातं. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडींनी १९७३ मध्ये यासाठी एक चाचणी काढली, ती आजही वापरतात. कापडाचा तुकडा, चांदी-तांबं-शिशाचे छोटे पत्रे आणि थोडं पाणी एका नळीत बंद करून ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचं. पत्र्यांवर डाग पडले तर कापड बाद. आमच्याकडे २८ दिवस कुठले? आधीच तपासलेलं सुती कापड मिळालं, पण ते राखाडी. डब्यांची सगळी ऐट गेली.

बाबा, कुठल्याही संग्रहालयात गेलो की "दिवे लावायला यांना काय होतं" हे तुमचं ठरलेलं. तर ऐका. कापड, कागद, जलरंग यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत. तैलचित्रांना २०० चालतो. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही आणि मंद दिव्यानेही तो उडतोच, फक्त सावकाश. म्हणून जुनी पत्रं काही महिन्यांनी काढून अंधारात ठेवतात आणि त्या जागी दुसरी लावतात.

पण तुमची तक्रार अगदीच खोटी नव्हती. एका पत्राच्या पाटीवर मी १४० शब्द लिहिले होते. वाटलं, काय अभ्यास केलाय आपण! पाटी चिकटवली, दिवे ५० लक्सवर आणले आणि चार पावलं मागे गेले, तर मलाच वाचता येईना. डोळे बारीक करून काचेला नाक लावणारे तुम्ही दिसलात. आता शब्द साठ आहेत, अक्षर जवळपास दुप्पट, आणि पाटी काचेच्या आत नाही, बाहेर. साठावर आणताना जे जे कापलं, ते सगळं प्राध्यापकांवर छाप पाडायला लिहिलेलं होतं.

काल चित्रं टांगली. चित्राच्या मापाचे कागद आधी भिंतीवर चिकटवून पाहायचे आणि चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंटिमीटरवर आणायचा. मागची तार खिळ्यावर ताणली की वर उचलली जाते, ते मी हिशेबातच धरलं नाही. भोक चार सेंटिमीटर खाली पडलं. रात्री पुट्टी भरली, घासली, रंग दिला. ते ठिगळ मी तुम्हाला दाखवीन, इतर कुणाला सापडणार नाही.

बाकावरून मात्र मी कडाक्याने भांडले. जागा अडते, असं सगळ्यांचं मत. आईचे गुडघे मी त्यांना काय सांगणार! चाकांची खुर्ची वळेल एवढी वाट सोडून तिसऱ्या शोकेससमोर बाक ठेवलाय, पाठ टेकता येईल असा. बाबा, जवळचा चष्मा तरीही आणा.

तुमची,
चिऊ

ता. क. आई, त्या जुन्या शालीची घडी दर वेळी वेगळ्या जागी घालतेस ना, ते बरोबर आहे. फक्त घडीत आम्लरहित कागदाची सुरळी घाल, म्हणजे दुमड बसणार नाही. मी घेऊन येते.