बंधन ओढणाऱ्यावर नको, सिगारेटीवर घाला

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेली एकोणीस वर्षं मी एका रुग्णालयात लोकांच्या फुप्फुसांची तपासणी करते. नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि मग जोर लावून, एका दमात, सहा सेकंद तरी हवा सोडत राहायची. शेजारी उभी राहून मी ओरडत असते, ‘सोडा, सोडा, अजून सोडा!’ स्पायरोमेट्री म्हणतात हिला. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली, त्याला इथं सगळ्यांत जास्त महत्त्व. निरोगी तरुण माणूस तेवढ्यात छातीतून सोडता येणाऱ्या हवेपैकी पाऊण हिस्सा तरी बाहेर टाकतो. माझ्यासमोर बसणाऱ्या कितीतरी जणांना निम्मीसुद्धा टाकता येत नाही. पडद्यावरची रेघ झपकन वर जायला हवी, ती रांगत जाते.

त्यातले बहुतेक जण वर्षानुवर्षं सिगारेट ओढत आलेले असतात. नळी खाली ठेवली, दम थोडा परत आला की ते जे बोलतात ते मला आता पाठ झालं आहे : ‘सोडायची तर फार इच्छा आहे हो, पण सुटत नाही.’

धूम्रपानावर निर्बंध घालावेत की नाही, या वादात नेमकं हेच वाक्य मला कुठं ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. एक बाजू म्हणते, ज्याचं शरीर त्याची मर्जी. दुसरी म्हणते, दंड करा, बंदी आणा. दोन्ही बाजू ओढणाऱ्याबद्दल बोलतात. ती सिगारेट कशी बनवलेली आहे, याबद्दल फार थोडे बोलतात.

धुराचं काम मी रोज पाहते. श्वासनळ्यांच्या आतून केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. धूळ आणि कफ वर ढकलत राहणं हे त्यांचं काम. धुरानं ते आधी लुळे पडतात, मग नाहीसे होतात. कफ वर आणायला खोकण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. पुढे हवेच्या इवल्या पिशव्यांच्या भिंती फाटत जातात, आणि त्या पुन्हा जोडणारं औषध अजून कुणाकडे नाही. त्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं असतात, त्यांतली सुमारे सत्तर कर्करोगाला कारण ठरणारी. शिवाय कार्बन मोनॉक्साइड : रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. ‘दिवसाला एकच ओढतो’ असं सांगणाऱ्यांना वाटतं, आपला धोका वीस ओढणाऱ्याच्या विसाव्या हिश्शाएवढा. हृदयविकाराच्या बाबतीत तो तसा नाही. वीस ओढणाऱ्याचा जेवढा धोका वाढतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास तो एका सिगारेटीनंच वाढतो.

हे काही कालपरवा कळलेलं नाही. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांची माहिती तपासून सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. डॉल स्वतः ओढत असत. त्या कामादरम्यानच त्यांनी सिगारेट सोडली. लोक घाबरले. आणि महोदय, त्या भीतीला बाजारातून जे उत्तर आलं, त्याबद्दल मला आपल्याशी खरं बोलायचं आहे. ते उत्तर म्हणजे फिल्टर.

फिल्टरला आपण सगळे गाळणी समजतो. माझ्याकडे आलेल्या एका आजोबांनी मला समजावलं होतं, ‘मी साधी नाही, हलकी ओढतो. फिल्टरची.’ त्या फिल्टरभोवती डोळ्यांना सहज न दिसणारी छिद्रं असतात. प्रयोगशाळेतलं यंत्र सिगारेट ओढतं, तेव्हा त्या छिद्रांतून बाहेरची हवा आत येते, धूर पातळ होतो आणि डांबराचा, म्हणजे धुरातल्या चिकट काळ्या ‘टार’चा, आकडा कमी भरतो. माणूस ओढतो, तेव्हा बोटांनी आणि ओठांनी तीच छिद्रं झाकली जातात. निकोटीन कमी मिळतंय असं वाटलं तर तो आणखी खोल, आणखी लांब झुरका घेतो, आणि धूर फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातो. १९५० च्या दशकापासून सिगारेटीच्या बनावटीत झालेल्या बदलांमुळे ओढणाऱ्यांमध्ये अॅडिनोकार्सिनोमा या फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढला, असा निष्कर्ष सर्जन जनरल या अमेरिकी सरकारच्या आरोग्यविषयक प्रमुख अधिकाऱ्याच्या २०१४ च्या अहवालात आहे. ते आजोबा ‘हलकी’ ओढत होते ते जपून राहावं म्हणून. त्यांची रेघ मला अजून आठवते.

मेन्थॉलचंही तसंच. पहिल्या झुरक्याला येणारा ठसका हा शरीराचा नकार असतो. मेन्थॉल घशाला गारवा देऊन तो नकार दाबून टाकतं. युरोपीय संघानं मे २०२० पासून मेन्थॉल सिगारेटींवर बंदी घातली. तेव्हा हे करता येतं.

आता मर्जीचा प्रश्न. मोठ्या माणसानं समजून उमजून काय करावं यात सरकारनं पडू नये, हे मलाही पटतं. पण अमेरिकेतल्या रोज ओढणाऱ्या प्रौढांपैकी दहातल्या जवळपास नऊ जणांनी पहिली सिगारेट वयाची अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी ओढलेली असते. निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. पंधराव्या वर्षी मित्रांसमोर घेतलेला झुरका ही पन्नासाव्या वर्षाची मर्जी कशी मानायची? २००६ मध्ये अमेरिकेतल्या संघीय न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकाल दिला, की सिगारेट कंपन्यांनी अनेक दशकं धोक्यांबद्दल, व्यसनाबद्दल आणि ‘लाइट’ सिगारेटींबद्दल जनतेची फसवणूक केली आणि निकोटीनचं प्रमाण व्यसन टिकेल असं राखलं. ज्याला फसवलं, त्यालाच आपण दंडाची पावती देणार का?

पूर्ण बंदीही मी मागत नाही. भूताननं २००४ मध्ये तंबाखूची विक्री बंद केली. चोरटा माल येतच राहिला आणि २०२१ मध्ये बंदी उठवावी लागली. ज्याला सुटत नाही, तो कुठूनही आणतो.

दुसऱ्याच्या धुराबाबत मात्र मी तडजोड सुचवणार नाही. आयर्लंडनं २९ मार्च २००४ पासून कामाच्या जवळपास सगळ्या बंदिस्त जागा धूरमुक्त केल्या. आपल्या नियमात ‘वेगळ्या धूम्रपान कक्षा’ची पळवाट ठेवू नका. धूर दाराच्या फटीतून येतो, आणि ती खोली झाडायला कुणीतरी रोज आत जातं.

माझी मुख्य मागणी ही की निर्बंध उत्पादनावर घाला. छिद्रांचे फिल्टर, मेन्थॉल, दाबल्यावर फुटणाऱ्या चवीच्या गोळ्या, सौम्य असल्याचं सुचवणारे रंग आणि शब्द, हे सगळं बंद करा. पाकिटं साधी करा. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०१२ पासून ती केली आहेत. नियम लिहिताना कंपन्यांच्या प्रतिनिधींना त्या खोलीपासून लांब ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारातलं कलम ५.३ याचसाठी आहे.

आणि सोडू पाहणाऱ्याला हात द्या. निकोटीनचे पॅच, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. माझ्या खोलीत ती नसतात. मी माणसाला त्याचा आकडा दाखवते, ‘सोडा आता’ म्हणते आणि पुढच्या रुग्णाला हाक मारते. याची मला लाज वाटते. फुप्फुसाची गेलेली ताकद परत येत नाही, पण सिगारेट सुटली की घसरणीचा वेग न ओढणाऱ्याच्या जवळ येतो. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्याच सवयींवर ठेवलेल्या पन्नास वर्षांच्या पाहणीत तिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडणाऱ्यांची सुमारे दहा वर्षं वाचली, आणि साठाव्या वर्षाच्या सुमारास सोडणाऱ्यांचीही तीन. साठीच्या माणसाला मी हे सांगते तेव्हा तो नक्की विचारतो, ‘मग सोडायला मदत कुठं मिळेल?’

त्याला द्यायला मला एक पत्ता हवा आहे. शक्यतो त्याच इमारतीतला, त्याच दिवशी उघडा असणारा.

आपली नम्र,
श्वसनविकार विभागातली एक तंत्रज्ञ