फ्लेमिंगोंच्या मुक्या, फिरत्या क्लिपा: मन्याला पत्र

ठाणे पश्चिम

प्रिय मन्या,

तुझी फ्लेमिंगोंची पीपीटी उघडून पाहिली. फोटो झकास आहेत आणि मजकूरही आटोपशीर आहे. घोळ आहे तो व्हिडिओंचा. नेरूळच्या हॉलमध्ये तू बोलत असताना मागे पक्षी निमूट चरत राहावेत आणि तुला माउसला हात लावावा लागू नये, एवढंच तुला हवंय. ते जमतं, पण पॉवरपॉइंटमध्ये एका चौकोनात टिक करून भागत नाही. आधी क्लिप तयार करायची, मग बसवायची. बहुतेक लोक पहिलं सोडून दुसऱ्याशीच झटापट करत बसतात.

तुझ्या पहिल्या क्लिपमध्ये पक्षी चालतो, चरतो, मध्येच कॅमेरा हलतो आणि मग दुसराच थवा येतो. असलं काही फिरवत, म्हणजे संपलं की पुन्हा सुरू करत, ठेवू नकोस. लोक गोष्ट बघितल्यासारखे बघत बसतील आणि तुझं बोलणं हवेत जाईल. फिरत्या क्लिपमध्ये एकच क्रिया हवी, सहा ते दहा सेकंदांची, कॅमेरा स्टँडवर घट्ट. तुझ्याकडे तसा एक तुकडा आहे: लहान फ्लेमिंगो मान खाली घालतो, चोच उलटी होऊन पाण्याला टेकते आणि तो डावीकडून उजवीकडे डोकं फिरवत गाळातून पुढे सरकतो. जिभेने पाणी आत ओढून चोचीतल्या चाळणीतून बाहेर टाकण्याबद्दल तू जे सांगणार आहेस, त्याला एवढंच चित्र पुरे. तो तुकडा घे, बाकीचं काप.

आता आवाज. पॉवरपॉइंटच्या प्लेबॅक टॅबमध्ये व्हॉल्यूम म्यूट केला की वाजत नाही, हे खरं. पण आवाजाचा ट्रॅक फाईलमध्ये तसाच राहतो. कुणी क्लिप काढून नव्याने टाकली की पाम बीच रोडवरचे हॉर्न आणि खाडीवरचा वारा हॉलच्या स्पीकरमधून भसकन बाहेर येतात. शिवाय आवाजाचा ट्रॅक चित्रापेक्षा कणभर लांब असू शकतो, त्यामुळे क्लिप संपून पुन्हा सुरू होताना बारीक अडखळ येऊ शकते. म्हणून म्यूट करण्यावर न थांबता ट्रॅकच काढून टाक.

त्यासाठी हँडब्रेक हे व्हिडिओ रूपांतर करणारं सॉफ्टवेअर वापर, फुकट आहे. फाईल उघडून 'फास्ट १०८०पी३०' हा प्रीसेट घे, फॉरमॅट एमपी४. वर रेंजमध्ये 'सेकंद्स' निवडून हवा तो तुकडा ठरव. व्हिडिओ टॅबमध्ये एन्कोडर एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत), फ्रेमरेट म्हणजे सेकंदाला चित्रं ३० आणि त्याखाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट'. हे विसरू नकोस, कारण फोन फ्रेमरेट मागेपुढे करत रेकॉर्ड करतो आणि मग फिरताना गती ओढल्यासारखी वाटते. क्वालिटीचा आकडा, आरएफ, २० ते २२ ठेव. ऑडिओ टॅबमध्ये असतील ते सगळे ट्रॅक काढ. स्लाइडच्या अर्ध्या रुंदीत बसणाऱ्या क्लिपला ९६० बाय ५४० एवढं रेझोल्यूशन पुष्कळ झालं. ४के ठेवून काही हाती लागत नाही, लॅपटॉप मात्र धापा टाकतो. तुझ्या तिसऱ्या स्लाइडवर तीन ४के क्लिपा एकदम चालतात, तिथे तो अडकणारच.

तुझ्या दोन क्लिपा काळ्या दिसतात, त्याचं कारण वेगळं. त्या आयफोनवर एच.२६५ या नव्या पद्धतीत घेतल्या आहेत. विंडोजच्या ज्या मशीनवर ती पद्धत उलगडणारा कोडेक नाही तिथे ती फाईल उघडत नाही. हँडब्रेकमधून एच.२६४ होऊन आल्या की प्रश्न मिटतो. पुढच्या वेळी चित्रीकरणाआधी फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल' करून ठेव.

खरी मेख आहे सांध्यात. पक्षी डावीकडे असताना क्लिप संपते आणि उजवीकडे असताना सुरू होते, म्हणजे दर आठ सेकंदांनी तो उडी मारणार. यावर लोक सरळ-उलट असा उपाय करतात: क्लिप पुढे चालवायची, मग तीच मागे. कांदळवनाची पानं हलत असतील तर ते खपतं. पण चालणारा पक्षी उलटा चालायला लागतो आणि पायाभोवतीची वर्तुळं आकसत आत येतात. ते कुणाच्याही नजरेत भरतं, आणि तुझे श्रोते तर दुर्बिणी गळ्यात अडकवून येणारे.

त्यापेक्षा असं कर. शॉटकट या व्हिडिओ एडिटरमध्ये क्लिप टाइमलाइनवर घे आणि बरोब्बर मधोमध काप. दुसरा अर्धा आधी ठेव, पहिला अर्धा त्याच्यामागे. दोन्ही तुकडे एकमेकांवर अर्धा-पाऊण सेकंद सरकव, म्हणजे मध्ये डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं उमटणं) तयार होतो. आता क्लिप जिथे संपते आणि जिथे सुरू होते त्या मूळच्या लागोपाठच्या फ्रेम आहेत, त्यामुळे तिथे उडी दिसायचं कारणच उरत नाही. जुना सांधा मधल्या डिझॉल्व्हमध्ये विरघळला. पाणी आणि गाळ असलेल्या दृश्यात तो डोळ्याला कळतही नाही. फक्त मूळ तुकड्याची सुरुवात आणि शेवट असे निवड की दोन्ही टोकांना पक्षी साधारण त्याच जागी आणि मान खालीच असेल, नाहीतर डिझॉल्व्हमध्ये एका पक्ष्याला दोन माना दिसतील.

एवढं करूनही पॉवरपॉइंट पुन्हा पहिल्या फ्रेमवर जाताना कधीकधी डोळा मिचकावल्यासारखं करतो. तो त्या सॉफ्टवेअरचा स्वभाव आहे. त्यावर साधा तोडगा: शॉटकटमध्येच तीच तयार क्लिप दहा वेळा एकामागोमाग लाव आणि एकच फाईल एक्सपोर्ट कर, तिथेही ऑडिओ बंद ठेवून. आठ सेकंदांची क्लिप ऐंशी सेकंदांची होते आणि तोवर तू पुढच्या स्लाइडवर गेलेला असतोस.

जीआयएफ करू का, असं विचारलं आहेस. नको. त्यात फक्त २५६ रंग असतात. फिक्या गुलाबीच्या आणि गाळाच्या करड्याच्या छटा पट्ट्या-पट्ट्यांत तुटतात, आणि वर फाईल एमपी४ च्या कितीतरी पट फुगते. जीआयएफ बाण, नकाशे, रेघांची चित्रं यांना ठीक.

आता बसवणं. इन्सर्ट, व्हिडिओ, 'धिस डिव्हाइस'. यूट्यूबची लिंक अजिबात नको, हॉलच्या वायफायवर व्याख्यान टांगू नये. क्लिप निवडून प्लेबॅक टॅबमध्ये स्टार्ट 'ऑटोमॅटिकली' कर आणि 'लूप अंटिल स्टॉप्ड' वर टिक. नवीन आवृत्तीत स्टार्ट आपोआप 'इन क्लिक सीक्वेन्स' वर असतं, म्हणून तुझी क्लिप क्लिकची वाट बघत बसते. 'प्ले फुल स्क्रीन' रिकामं ठेव. व्हिडिओ फॉरमॅटमध्ये 'पोस्टर फ्रेम', 'करंट फ्रेम' करून चांगलं दिसणारं चित्र लाव. पीडीएफ काढशील तेव्हा तेच छापलं जातं.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या स्लाइडवर २०१५ ची घोषणा आणि २०२२ चा रामसर (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) दर्जा या दोन ओळी क्लिपनंतर एकामागून एक यायला हव्यात, पण त्या येतच नाहीत. त्याचं कारण 'ॲनिमेशन पेन' या बाजूच्या यादीत सापडतं. क्लिप 'आफ्टर प्रीव्हियस' वर आहे आणि ओळीही 'आफ्टर प्रीव्हियस' वर. ओळी क्लिप संपायची वाट बघतात, आणि फिरती क्लिप संपत नसते. क्लिप 'विथ प्रीव्हियस' कर, पहिली ओळही 'विथ प्रीव्हियस' करून तिला दोन सेकंदांचा डिले दे. दुसरी 'ऑन क्लिक' ठेवलीस तर बोलण्याचा ताल तुझ्या हातात राहील.

त्याच पेनमध्ये क्लिपच्या नावाने ट्रिगरखाली एक 'पॉज' दिसेल. तो डिलीट कर. तो असला की माउसचा बाण क्लिपवर असताना केलेला क्लिक स्लाइड पुढे नेत नाही, क्लिप थांबवतो. आणि स्लाइड शो टॅबमधली 'शो मीडिया कंट्रोल्स' ची टिक काढ, म्हणजे बाण हलला की खाली उगवणारी ती पट्टीही जाईल.

पॉवरपॉइंटमध्येच 'ट्रिम' करशील तर कापलेला भाग फाईलमधून जात नाही, नुसता लपतो. फाइल, इन्फो, 'कम्प्रेस मीडिया' केल्यावर जातो. तुझी फाईल एवढी जड होण्यामागे तेच असावं. फाईलची एक प्रत करून नावाच्या शेवटी पीपीटीएक्सऐवजी झिप लिही, उघड आणि आतला मीडिया फोल्डर बघ, कुठली क्लिप किती जागा खाते ते लगेच कळेल. आणि सेव्ह करताना जुना पीपीटी प्रकार घेऊ नकोस, त्यात व्हिडिओचं नुसतं चित्र उरतं.

दाराशी टीव्हीवर जो शो चालू ठेवायचाय त्याची वेगळी प्रत कर. स्लाइड शो, 'सेट अप', 'ब्राउज्ड ॲट अ किऑस्क'. त्यात क्लिकने काही हलत नाही, पोरांनी माउस बडवला तरी. मात्र प्रत्येक स्लाइडला ट्रान्झिशनमध्ये 'आफ्टर' चे सेकंद भरायला हवेत, नाहीतर पहिल्याच स्लाइडवर अडकून बसेल. या प्रतीत क्लिपांचा लूप काढून टाक. क्लिप एकदा पूर्ण होऊ दे आणि स्लाइड पुढे सरकू दे.

तुझ्याबरोबर बोलणाऱ्या बाईंकडे मॅकबुक आहे म्हणालास. कीनोटमध्ये मूव्ही टॅबला 'रिपीट' आहे, तिथे 'लूप' निवडायचा आणि 'स्टार्ट मूव्ही ऑन क्लिक' ची टिक काढायची. लिबरऑफिसमध्ये क्लिप निवडली की मीडियाच्या पट्टीवर रिपीट आणि म्यूटची बटणं येतात.

हॉलमध्ये अर्धा तास आधी पोहोच. फाईल पेन ड्राइव्हवरून चालवू नकोस, डेस्कटॉपवर कॉपी करून घे. विंडोज आणि पी दाबून 'डुप्लिकेट' आणि 'एक्स्टेंड' दोन्ही बघ. लॅपटॉपवर क्लिप दिसते आणि प्रोजेक्टरवर काळा चौकोन, असं झालं तर ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, डिस्प्लेमध्ये 'डिसेबल स्लाइड शो हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन' वर टिक करून शो पुन्हा सुरू कर. प्रश्नोत्तरांच्या वेळी बी दाबून पडदा काळा कर, नाहीतर प्रश्न विचारणारा तुझ्याकडे न बघता पक्ष्याकडे बघत राहतो.

मूळ क्लिपा गूगल ड्राइव्हवर टाक, व्हॉट्सॲपवरून नको. तिथे त्या दाबल्या जातात आणि चोचीवरची रेघसुद्धा पुसट होते. चरणाऱ्या पक्ष्याचा सांधा मी जुळवून पाठवतो, बाकीच्या त्याच पद्धतीने तुला जमतील. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या