मेकॅनोची क्रेन मुलांना करू द्या

संपादक महोदय, स.न.वि.वि.

सुट्टीच्या पुरवणीत मुलांसाठी कागदकाम, रंगकाम भरपूर असतं पण नटबोल्टवालं काहीच नसतं म्हणून हे लिहितोय. स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला १९०७ ची टायटन क्रेन आजही उभी आहे, १५० फूट उंच, विजेवर चालणारी, जॉन ब्राउन कंपनीच्या जहाजबांधणी यार्डात जहाजांत इंजिनं-बॉयलर उतरवायला बांधलेली, आणि गंमत म्हणजे फ्रँक हॉर्नबीने मेकॅनोचं, म्हणजे भोकं असलेल्या धातूच्या पट्ट्या नटबोल्टने जोडायच्या खेळण्याचं, पेटंट घेतलं ते त्याच्या जेमतेम सहा वर्षं आधी, १९०१ मध्ये. त्यामुळे तिचं मॉडेल मेकॅनोतच शोभतं असं माझं ठाम मत.

सध्या तेच करतोय. स्केल १:४८, कारण मेकॅनोची भोकं अर्ध्या इंचावर असतात म्हणजे एक भोक बरोबर दोन फूट, हिशोब तोंडी होतो, आणि उंची सव्वातीन फुटांच्या आत राहते. खरी मजा वरच्या आडव्या हातात आहे. पट्ट्यांचे नुसते चौकोन केले तर दाबल्यावर तिरके होतात, एक तिरपी पट्टी टाकली की त्रिकोण झाला आणि जागचं हलत नाही! मागच्या आखूड बाजूला वजन भरल्याशिवाय पुढे काही उचलता येत नाही, तोल आणि टॉर्क (फिरवणारा जोर) मुलांना हाताने कळतो, फळ्यावर समजावून इतकं कळणार नाही.

मेकॅनोसारखेच ‘मेकॅनिक्स’ नावाचे सेट आपल्याकडेही मिळतात. पुरवणीत अशा एखाद्या मॉडेलची आकृती छापाल का? शाळांनीही प्रयोगशाळेत दोन सेट ठेवावेत ही कळकळीची विनंती.

आपला एक नियमित वाचक, पुणे