अक्का, मनीच्या कानांसाठी तुमचे मनापासून आभार

प्रिय अक्का,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. आईने पाठवलेली साडीही उलट पावली परत आली. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहितोय. तुमचे आभार तर मानायचेच आहेत. शिवाय सोलापूरच्या पूर्व भागातल्या आपल्या गल्लीत, यंत्रमागांच्या खडखडाटात, मांजराचे कान इतके नीट जाणणारं माणूस राहतं, हे चार लोकांना कळावं अशीही फार इच्छा आहे. आपल्याकडे मांजरं काही कमी नाहीत. कारखान्यात उंदीर सूत कुरतडतात म्हणून पाळलेली, अंगणात आपणहून येऊन राहिलेली, पोरांनी उचलून आणलेली. त्यांना दूध-चपाती मिळते, माया मिळते, पण कानात डोकावून बघणारं कोणी नसतं.

मनी मागच्या पायाने कान खाजवायला लागली तेव्हा आम्हाला वाटलं, पिसवा झाल्या असतील. मग ती सारखी डोकं झटकू लागली. कानामागचे केस गेले, तिथे ओरखडे उठले. कानाची पाळी उलटून बघितली तर आत कॉफीच्या गाळासारखी काळी, कोरडी भुकटी. बातमी गल्लीभर झाली आणि ज्याच्या त्याच्याकडे उपाय तयार. एकाने जंतुनाशकाचं पाणी सांगितलं, एकाने व्हिनेगर, एकाने फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड. आईने तर लसूण घालून तेल कोमट करायला घेतलं होतं. लहानपणी आमचे कान दुखले की ती तेच करायची.

तेव्हा तुम्ही आलात. आईच्या हातातली वाटी तुम्ही हिसकावली नाहीत, तिला चुकीचंही ठरवलं नाहीत. शेजारी बसलात आणि म्हणालात, "आई, तेल घातलं की सगळी घाण आत चिकटून बसते, डॉक्टरला पडदा दिसत नाही. आणि लसूण मांजराला विष असतं, कान साफ करताना पंजाला लागलं तरी चाटून पोटात जातं." कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आईने वाटी स्वतःच बाजूला ठेवली. पंचाहत्तरीच्या माणसाला तिच्याच घरात, तिचा मान राखून असं काही सांगणं सोपं नसतं, अक्का. त्याबद्दल तुमचे वेगळे आभार.

मग तुम्ही मनीला उंबऱ्याजवळ उजेडात घेतलं. हात लावायच्या आधी नुसतं बघत राहिलात. एक कान, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. नाक जवळ नेऊन वास घेतलात. निरोगी कान आतून फिकट गुलाबी असतो, थोडासा मळ असला तरी त्याला वास येत नाही, आणि असा कान उगाच धुवायचा नसतो, मांजर तो स्वतः सांभाळतं, असं तुम्ही बोलता बोलता सांगितलंत. मान एका बाजूला कलली आहे का, चालताना झोक जातो का, डोळ्यांची बुबुळं आपोआप हलतात का, हेही तुम्ही पाहिलंत. यातलं काही असलं तर दुखणं कानाच्या आतल्या भागापर्यंत गेलेलं असतं आणि मग घरी काहीच करायचं नाही. पू, रक्त, घाण वास किंवा पाळी फुग्यासारखी सुजलेली असली तरी तेच. सारखं खाजवून, डोकं आपटून पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि रक्त साठतं, त्याची ती सूज असते.

एवढं बघून झाल्यावर आम्हाला वाटलं, आता साफसफाई सुरू होणार. तुम्ही म्हणालात, "आज नाही. आधी डॉक्टर."

अक्का, सगळ्यात जास्त आभार या चार शब्दांचे आहेत. इतकी वर्षं जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम केलेल्या बाईने हात सरसावून स्वतःच इलाज सुरू केला असता तरी आम्ही कौतुकच केलं असतं. तुम्ही ते केलं नाहीत, आणि का नाही तेही समजावून सांगितलंत. कानाचा पडदा फाटलेला असला तर वरून घातलेलं औषध थेट मधल्या कानात उतरतं, आणि काही औषधांनी मांजर बहिरंसुद्धा होतं. पडदा शाबूत आहे की नाही हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. त्यासाठी डॉक्टरांचं दिव्याचं यंत्र लागतं.

डॉक्टरांनी ते यंत्र लावून पडदा धड असल्याचं सांगितलं. काळी भुकटी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि आम्हालाही बघू दिलं. पांढुरके, आठ पायांचे जीव वळवळत होते. एकेक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. त्यांना माइट्स म्हणतात. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्यांना साधारण ३ आठवडे लागतात, म्हणून खाज थांबली की औषध बंद, असं चालत नाही. एका मांजरावरून दुसऱ्यावर, कुत्र्यावरही ते सहज जातात, त्यामुळे घरातल्या सगळ्या जनावरांना एकाच वेळी औषध द्यावं लागतं. आमच्या बोक्याचा कान वरून स्वच्छ दिसत होता, तरी त्यालाही दिलं. मानेवर कातडीला लावायचं औषध डॉक्टरांनी वजन करून दिलं आणि कान साफ करायला एक वेगळी बाटली दिली. तिथून पुढचं काम घरी करायचं होतं. ते तुम्ही आम्हाला शिकवलंत.

मी बाजारातून नवाकोरा टॉवेल आणला होता. सोलापुरात राहून टॉवेलला काय तोटा! तुम्ही तो हातात घेऊन उलटसुलट केलात आणि परत दिलात. टॉवेलच्या कडा शिवण्यात ज्यांची अर्धी हयात गेली त्यांनाच हे सुचावं. नव्या टर्कीश टॉवेलचे फासे उभे असतात, त्यात मांजराची नखं अडकतात, नख अडकलं की ते घाबरतं आणि एकदा घाबरलं की पुढच्या वेळी टॉवेल बघूनच पळतं. तुम्ही घरून एक जुना, धुऊन धुऊन चपटा झालेला टॉवेल आणलात. आधी मनी त्याच्यावर बसली, तिने वास घेतला, दोन घास खाल्ले. मग तुम्ही तिला इतक्या सावकाश गुंडाळलंत की चारी पाय आत गेले तरी तिला पत्ता नाही. फक्त डोकं बाहेर. हनुवटीखाली दोन बोटं, मान आवळायची नाही. आणि सगळा वेळ तुमचं तेलुगूत चाललेलं, "एम् कादम्मा, एम् कादु", म्हणजे काही होत नाही गं, काही होत नाही.

बाटली तुम्ही आधी बराच वेळ मुठीत धरून ठेवली होती. गार औषध कानात पडलं की मांजराला चक्कर आल्यासारखं होतं, म्हणून ते अंगाच्या उबेइतकं करून घ्यायचं. पाळी हलकेच वर धरली, बाटलीचं तोंड कानाला न टेकवता औषध आत सोडलं आणि लगेच पाळीच्या मुळाशी, गालाच्या वर, अंगठा आणि बोटाने गोल गोल चोळायला सुरुवात केलीत. आतून पचपच आवाज यायला लागला. "हा आवाज आला पाहिजे," तुम्ही म्हणालात, "म्हणजे औषध खाली पोचलं." मांजराच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. घाण त्या वळणावर बसलेली असते. तिथे बोट पोचत नाही, काडी तर पोचवायचीच नाही. औषधाने ती सुटते आणि उरलेलं काम मांजर स्वतः करतं.

अर्ध्या मिनिटाने तुम्ही हात काढलात आणि तोंड बाजूला केलंत. मनीने असं डोकं झटकलं की काळे शिंतोडे तुमच्या पदरावर, भिंतीवर, माझ्या चष्म्यावर. तुम्ही पदराकडे बघितलंसुद्धा नाही. कापसाचा बोळा बोटाला गुंडाळून जेवढं वर आलं तेवढंच टिपून घेतलंत. "डोळ्याला दिसतं तिथवरच बोट," हे तुमचं वाक्य आता आमच्या घरात पाठ आहे. कान कोरायच्या काड्या, कापूस लावलेल्या असल्या तरी, मळ बाहेर काढत नाहीत, आत ढकलतात, आणि मांजराने एक झटका दिला तर पडद्यालाच लागतात. दुसऱ्या कानाला दुसरा बोळा. झाल्याबरोबर टॉवेल सैल केला आणि मनीला तिचा खाऊ दिला. ती ओट्यावर जाऊन अंग चाटत बसली, पळाली नाही. मांजराच्या एकेका कानाला ३२ स्नायू असतात म्हणतात. त्या दिवशी तुमच्या बोटांखाली त्यातला एकही ताठरलेला मला दिसला नाही.

पुढच्या वेळी तुम्ही माझा हात धरून माझ्याकडून करून घेतलंत, आणि त्याच्या पुढच्या वेळी दारात नुसत्या उभ्या राहिलात. शिकवावं तर असं.

आणखी एका गोष्टीचे आभार मानल्याशिवाय राहवत नाही. एका दुकानात मला पिसवांचं औषध मिळालं होतं. ते कुत्र्याचं होतं, पण मांजरालाही चालतं असं सांगून दिलेलं. तुम्ही चष्मा चढवून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचलीत आणि परमेथ्रिन या नावावर बोट ठेवलंत. कुत्र्याला चालणारं हे औषध मांजराचं यकृत पचवू शकत नाही. त्याने मांजराला थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. ते खोकं उघडलंही गेलं नाही. मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाने हे नाव लिहून ठेवावं. टी-ट्री तेलाचंही तसंच, नैसर्गिक म्हणून विकतात, पण मांजराला ते घातक आहे.

आणि त्या पलीकडच्या वाड्यातल्या पांढऱ्या मांजरीचं. ती उन्हात पत्र्यावर झोपते, आणि आपल्या इथलं ऊन म्हणजे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून पुढे. तिच्या कानाच्या टोकांना खपल्या धरलेल्या तुम्ही रस्त्यावरून जाताना पाहिल्यात आणि सरळ दार वाजवलंत. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकाला केस विरळ असतात, कातडीला रंग नसतो, ऊन थेट आत जातं. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की तिथे कॅन्सर होऊ शकतो. ती खपली माइट्सची नाही, म्हणून कान धुऊन उपयोग नाही, डॉक्टरांना दाखवा आणि दुपारी तिला घरात ठेवा, असं तुम्ही त्या लोकांना सांगितलंत. ओळख नाही, पाळख नाही. ते लोक तिला दाखवून आले आहेत. त्यांनी तुम्हाला निरोप सांगायला सांगितलाय, म्हणून इथे लिहितोय.

मनीचे कान आता स्वच्छ आहेत. औषधाचा पूर्ण क्रम संपल्यावर डॉक्टरांनी पुन्हा काचेवर नमुना घेतला, त्यात काही सापडलं नाही. कानामागे केस आलेत. आठवड्यातून एकदा आम्ही उजेडात बसून दोघांचेही कान बघतो, वास घेतो, आणि काही नसेल तर तसेच सोडून देतो. औषधाची बाटली तुम्ही सांगितल्याप्रमाणे खालच्या खोलीतल्या फळीवर आहे, माडीवर तापलेल्या पत्र्याखाली नाही.

गल्लीतले लोक आता मांजर घेऊन माझ्याकडे येतात. मी बघतो आणि तुमचे तेच चार शब्द सांगतो. त्यातले काही डॉक्टरांकडे जातात, काही तेल घालतात. ज्यांना पटत नाही त्यांना तुमच्याकडे पाठवायचं मनात येतं, पण तुमचे गुडघे आणि तुमचा जिना आठवतो. तेव्हा एक विनंती आहे. येत्या रविवारी सकाळी आमच्या अंगणात या, म्हणजे ज्यांना शिकायचं आहे ते तिथेच येतील. बसायला खुर्ची ठेवतो, मनी असेलच, जुना टॉवेलही आमच्याकडेच राहिलाय. आईने शेंगांची चटणी कुटून ठेवली आहे. साडी परत केलीत तशी ती करू नका, तिला फार लागेल.

तुमचा,
तळमजल्यावरचा शेजारी