खूण आधी, अर्थ मागून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. मुलांच्या हाती पेन्सिल देऊन कविता शिकवायची असं तू ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला. पुढे तू लिहिलंयस की निम्म्या मुलांनी अख्खी कविताच अधोरेखित केली, उरलेल्यांनी कागद कोरा ठेवून तुझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि शेवटी तू अर्थ सांगितलास तेव्हा सगळ्यांच्या समासात एकच वाक्य उतरलं. यात मुलांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. घोळ सूचनेत आहे. ‘महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ मारा’ असं आपण सगळेच सांगतो. पण महत्त्वाचं काय, हे कविता कळल्यावर ठरतं. अजून न कळलेल्या कवितेत ते मुलांनी शोधायचं कसं? मग सगळंच रंगवायचं, नाहीतर सर सांगतील तोवर थांबायचं, एवढंच त्यांच्या हाती उरतं.

म्हणून ती सूचनाच बदल. ‘वाचताना जिथे अडलात, जिथे काही विचित्र वाटलं, जिथे एखादा आवाज पुन्हा ऐकू आला, तिथे खूण करा,’ एवढंच सांग. अर्थ विचारूच नकोस. आपण अडलो कुठे हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. त्यासाठी त्याला हुशार असावं लागत नाही आणि तुझी परवानगीही लागत नाही.

तयारी म्हणशील तर थोडीच लागते. पाठ्यपुस्तक मिटून ठेव. त्यात समास चिंचोळा असतो, खाली शब्दार्थ छापलेले असतात आणि जुनं पुस्तक असेल तर आधीच्या कुणाचे तरी अर्थही आयते लिहिलेले असतात. कविता सुट्या कागदावर घे, दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा सोड, दोन ओळींत अंतर ठेव आणि ओळींना क्रमांक दे. क्रमांक विसरू नकोस, पुढची सगळी चर्चा त्यांवर उभी राहते. पहिल्यांदा तू मोठ्याने वाच, तेव्हा पेन्सिली खाली. दुसऱ्यांदा एखाद्या मुलीला किंवा मुलाला वाचू दे. तिसऱ्या वाचनाला पेन्सिल उचलायची. खुणांची यादीही लांबलचक नको. कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, पुन्हा पुन्हा येणाऱ्या किंवा एका जातीच्या शब्दांभोवती गोल, आणि जिथे कविता वळण घेते असं वाटतं तिथे आडवी रेघ. मी दहा-दहा चिन्हांचे तक्ते भिंतीवर लावलेले पाहिलेत. मुलं मग कविता वाचायचं सोडून तक्ता वाचत बसतात.

आता एक कविता घेऊनच बोलतो. बालकवींची ‘औदुंबर’ घे. आठच ओळी आहेत, एका कागदावर मोकळ्या बसतात, आणि सुरुवातीला याहून चांगली कविता मला सुचत नाही.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

छापताना कवीचं नाव मात्र गाळ. हे मी लहरीने सांगत नाही. केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता दिल्या, त्यांच्याकडून त्यांवर लिहून घेतलं आणि ते लेखन तपासून 1929 साली एक अख्खं पुस्तक सिद्ध केलं. चांगले शिकलेले वाचकसुद्धा समोरच्या ओळी न वाचता मनातल्या तयार कल्पनाच कवितेवर कशा चढवतात, हे त्यातून दिसलं. आपल्या बाबतीत धोका आणखी ठळक आहे. बालकवी 1890 साली जन्मले आणि 1918 साली, तिशीही न गाठता, रेल्वेच्या अपघातात गेले. हे आधी सांगितलंस की संपलं. प्रत्येक मूल काळ्या डोहात मृत्यू शोधणार, आणि तो शोध सहाव्या ओळीतून न येता तू सांगितलेल्या माहितीतून येणार. नाव, चरित्र, समीक्षकांची मतं हे सगळं दुसऱ्या तासाच्या शेवटासाठी राखून ठेव.

खुणा झाल्या की पहिल्यांदा रंग सापडतात. हिरवाळी, निळासांवळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. मुलं पटापट गोल करतात. इथे थांबू नकोस. ‘हे गोल एका रेषेने जोडा आणि ती रेषा कुठून कुठे जाते ते सांगा,’ असं म्हण. हिरव्यापासून निघून काळ्याकडे. पुढचा प्रश्न मग बहुतेक वेळा मुलांकडूनच येतो. काळा रंग भीतीचा म्हणावा, तर सातव्या ओळीत ‘गोड’ कशासाठी? त्या ‘गोड’वर प्रश्नचिन्ह पडलं की समज, वर्ग कवितेत शिरला.

दुसरी फेरी क्रियापदांची. वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. झरा वाहतो, वाट चालते, काळिमा पसरतो, आणि अगदी शेवटी कुणीतरी बसतं. मुलांना विचार, या चित्रात माणूस कुठे आहे? गाव आहे, घरं आहेत, शेतं आहेत, वाटही आहे, पण माणूस एकही नाही. चालते ती वाट आणि पाय टाकून बसतं ते झाड. माणसाने करायच्या दोन्ही गोष्टी इथे दुसरेच करतात. हे तू सांगू नकोस रे. प्रश्न विचार आणि गप्प राहा, लागेल तेवढा वेळ लागू दे. शिक्षकाला वर्गातली शांतता सहन होत नाही म्हणून कितीतरी मुलांचा शोध अर्ध्यावर राहतो.

मग कानाचं काम. मुलांना मात्रा मोजायला लाव, लघू (ऱ्हस्व) अक्षराची एक आणि गुरू (दीर्घ) अक्षराच्या दोन. वृत्त हा विषय व्याकरणाच्या तासाला कोंडून ठेवल्यामुळे त्याची कवितेशी गाठच पडत नाही. इथे प्रत्येक ओळीत 16 मात्रांनंतर थांबा आहे आणि त्यापुढे 11 मात्रा (ओळीचं शेवटचं अक्षर गुरू धरून). त्या थांब्यावर उभी रेघ मारायला सांग. ‘घेउन’ ऱ्हस्व का, हा प्रश्न शुद्धलेखनात काटेकोर असणारं एखादं मूल विचारतंच. दीर्घ केला तर एक मात्रा वाढते, हे त्याला मोजूनच कळू दे. आठव्या ओळीतली उभी रेघ कुठे पडते बघ: ‘पाय टाकुनी जळांत बसला’, आणि तिथे थांबा. बसला म्हटल्यावर ओळही क्षणभर बसते, मग ‘असला औदुंबर’. यमकंही बघायला लाव. मधल्या चार ओळी टेकडीकडे, पुढे, पडे, डोहाकडे अशा एकाच आवाजावर संपतात. वाट डोहापाशी पोचते तिथे तो आवाज संपतो आणि सातव्या ओळीपासून नवा सुरू होतो. आडवी रेघ कुठे मारायची यावर वर्गात वाद झाला असेल, तर त्याचा एक पुरावा इथे हाताशी येतो.

समासात चित्रही काढू दे. ऐल तट, पैल तट, टेकडी, वाट, डोह, झाड, आणि बघणारा कुठे उभा आहे ते एका टिंबाने. चित्रं एकमेकांशी जुळणार नाहीत. कुणी डोह झऱ्यातच दाखवेल, कुणी वेगळा. ‘पैल’ म्हणजे कुणाच्या पलीकडे? वाद मिटवायला मुलं पुन्हा ओळींकडे जातात, बोट ठेवून वाचतात. काही वाद कविता मिटवते, काही मिटवत नाही. कविता कुठे मोकळं सोडते हे दाखवता येणं म्हणजेही विश्लेषणच.

आता तुझी खरी अडचण, खुणांवरून लेखनाकडे जाणं. खुणा झाल्या म्हणजे रसग्रहण झालं असं होत नाही. तू पाठवलेल्या उताऱ्यांत ‘कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाने लिहिलंय. ते खोटं नाही, पण शेकडो कवितांना चालेल. मुलांना एक कसोटी दे: आपलं वाक्य दुसऱ्या एखाद्या कवितेखाली चिकटवून बघा, तिथेही बसलं तर खोडा. ‘वाट चालते आणि झाड बसतं, माणूस मात्र दिसत नाही’ हे वाक्य दुसरीकडे सहज बसणार नाही.

अलंकारांच्या बाबतीतही हेच. ‘चेतनगुणोक्ती’ (माणूस नसलेल्याला माणसासारखं वागताना दाखवणं) असं समासात लिहिलं की मुलांना वाटतं काम झालं. नाव देणं ही सुरुवात आहे. त्यापुढे शब्द बदलून बघायला सांग, मला यासारखं दुसरं साधन माहीत नाही. ‘बसला’च्या जागी ‘झुकला’ घाला. मात्रा तेवढ्याच, चालही बिघडत नाही, मग गेलं काय? झाडाचं निवांतपण गेलं, कुणीतरी मुद्दाम, आपल्या मर्जीने येऊन बसल्याचा भास गेला. ‘गोड काळिमा’ऐवजी ‘गाढ काळिमा’ वाचा. काळोख वाढला, पण ओढ गेली. काय गेलं हे मुलाने आपल्या शब्दांत लिहिलं की रसग्रहणाचा गाभा त्याच्या हातात आला. परीक्षेसाठी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे मथळे लागतातच. ते शेवटी द्यायचे. खुणांनी भरलेला कागद समोर असेल तर कुठली नोंद कुठल्या मथळ्याखाली जाईल हे मुलं स्वतः ठरवतात, वेळही फार जात नाही.

न बोलणाऱ्या मुलांबद्दल तू काळजीने विचारलंयस. त्यांच्यासाठी कागदांची अदलाबदल कर. शेजाऱ्याच्या खुणांखाली वेगळ्या रंगाने एक प्रश्न किंवा एक उत्तर लिहायचं, तोंडाने काहीच बोलायचं नाही. जे मूल हात वर करत नाही ते कागदावर बोलतं. तू मधून फिर, पण लाल पेन खिशातच असू दे. आणि कुणी अगदीच भलता अर्थ सांगितला, तर ‘चूक’ म्हणण्याआधी ‘कुठल्या ओळीत?’ असं विचार. ओळ दाखवता आली तर कदाचित आपल्यालाच काहीतरी नवं दिसेल. नाही आली, तर मूल स्वतःच तो अर्थ मागे घेतं. ‘प्रत्येकाचा अर्थ बरोबर’ असं म्हणून सोडून देऊ नकोस मात्र. त्यात मुलाबद्दलची आपुलकी दिसते खरी, पण त्याच्या विचाराला आपण गंभीरपणे घेत नाही असाही त्याचा अर्थ होतो.

एवढं खोदून वाचल्याने कवितेची चिरफाड होते, आनंद जातो, असं तुझे एक सहकारी म्हणाले म्हणे. त्यांची भीती मला समजते, कारण परक्याने ठरवलेले अर्थ पाठ करायला लावले की आनंद जातोच. पण आपली परंपरा काय सांगते बघ. गीतेच्या 700 श्लोकांवर ज्ञानेश्वरांनी सुमारे 9,000 ओव्या लिहिल्या. एकेका श्लोकापाशी ते रेंगाळतात, दाखले देतात, पुन्हा मूळ शब्दाकडे येतात. त्याने गीता आटली नाही आणि ज्ञानेश्वरी तर स्वतःच काव्य झाली. रेंगाळणं हे प्रेमाचंच लक्षण आहे, असं मी तरी मानतो, आणि मुलांना तेच शिकवायचंय.

एक गोष्ट मात्र आधीच मान्य कर: हे सगळ्या कवितांना जमणार नाही. एका कवितेला निदान दोन तास लागतात आणि अभ्यासक्रम थांबत नाही. वर्षातून तीन-चार कविता अशा वाच, बाकीच्या नेहमीसारख्या शिकव. पेन्सिलीची सवय लागली की उरलेल्या कवितांवरही मुलं न सांगता खुणा करू लागतात.

‘औदुंबर’ झाली की दुसरी कविता अगदी वेगळ्या चालीची निवड, जिच्यात कुणीतरी कुणाला उद्देशून बोलतंय अशी, म्हणजे रंगांऐवजी सर्वनामांभोवती गोल पडतील. बोलतंय कोण, कुणाशी, आणि ते मधेच बदलतं का, एवढे तीन प्रश्न तिला पुरतात. तुझ्या मनात कुठली कविता आहे ते कळव, खुणांचा कागद मीही भरून पाठवतो. आणि मुलांच्या कागदांचे फोटो नक्की पाठव, खाडाखोड झालेले आधी. आठव्या ओळीतल्या ‘असला’वर किती जणांनी प्रश्नचिन्ह टाकलं आणि त्याचं उत्तर काय शोधलं, याची मला खरोखर उत्सुकता आहे. दुसरा तास कधी घेतोस?

तुझा,
मित्र